तारेखालचं झाड: सोलापुरात छाटणीच्या कामात कसं यायचं

एप्रिल-मेमध्ये, पावसाळ्याच्या आधी, तारांना लागणाऱ्या फांद्या काढायची मोहीम निघते. तेव्हा दोर धरायला पोरं लागतात. मी असाच शिरलो. आयटीआयचा वायरमन ट्रेड झाला होता आणि हाताला काम नव्हतं. आता ओळखीतली मुलं विचारतात, यात पुढं काही आहे का? आहे. फक्त वीज आणि झाड दोन्ही शिकायची तयारी हवी. बहुतेक जण वीज शिकतात आणि झाडाला लाकूड समजतात.

विजेसाठी दहावीनंतर दोन वर्षांचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेड करा, मग अप्रेंटिसशिप. लाइन बंद केल्याचं लेखी परमिट हातात आल्याशिवाय शिडी लावायची नाही. फीडर, म्हणजे त्या भागाला वीज देणारी लाइन, बंद झाला एवढ्यावरही विसंबू नका. कुणाच्या तरी जनरेटरमधून उलटा करंट लाइनवर येतो. आपण काम करतोय त्याच्या दोन्ही बाजूंना तार जमिनीशी जोडणारे डिस्चार्ज रॉड लागलेत का, ते आपल्या डोळ्यांनी बघायचं. ओल्या फांदीतून वीज वाहते. 11 केव्हीच्या, म्हणजे 11 हजार व्होल्टच्या, तारेला टेकलेल्या फांदीला हात लावला, तर तार न धरताही माणूस जातो.

आता झाड. दुसऱ्या वर्षी होटगी रस्त्याकडच्या एका कडुलिंबाची मांडीएवढी फांदी मी वरून एकाच कापात घेतली. घाई होती. काप अर्ध्यात आला आणि फांदी आपल्याच वजनानं मोडली. जाताना खोडाची साल दोन हात खालपर्यंत सोलत गेली. चार पावसाळ्यांनी तिथं बोट घातलं तर ओला भुसा हातात आला. ते झाड मी बिघडवलं, आणि त्यानंतर एक जाड फांदीही तशी कापली नाही.

जाड फांदीला तीन काप घ्या. पहिला खोडापासून हातभर अंतरावर, खालून, पाव जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढं, वरून. फांदी पडते, पण साल पहिल्या कापाशीच थांबते. उरलेला खुंट तिसऱ्या कापात काढायचा. फांदी खोडाला मिळते तिथं एक फुगीर कडा असतो, बोट फिरवलं की कळतो. काप त्या कड्याच्या बाहेर. कड्यात घुसायचं नाही आणि खुंटही ठेवायचा नाही. वर रंग-डांबर फासू नका. झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही. झाड ती आतून भिंत घालून वेगळी करतं. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं चिरून हे दाखवलं.

शेंडा सरसकट उडवायची पद्धत सोडा. कडुलिंब-गुलमोहराला तिथून झुबकाच्या झुबका फुटतो. त्या फांद्यांची पकड कच्ची असते आणि त्या भराभर वाढून पुन्हा तारेत जातात. त्यापेक्षा तारेकडं जाणारी फांदी, तारेपासून लांब वळणाऱ्या बाजूच्या फांदीपाशी कापा. ती बाजूची फांदी कापायच्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाड असावी. वेळ जास्त लागतो. ठेकेदार कुरकुर करेल, तरी हेच करा.

शहरातल्या झाडांना 1975 चा महाराष्ट्राचा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. तोडण्याआधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज ट्री ठरतं. म्हणून झाडाचं वय आणि नाव सांगता येणाऱ्या माणसाला वृक्षगणनेतही काम मिळू शकतं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेआधी नंदीध्वजांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्यांच्या, मार्गावरच्या फांद्या काढतात, तेही काम बघून घ्या. आपल्याकडं काळ्या मातीत आणि मुरमात एकच झाड वेगळं वाढतं, ते फिरूनच कळतं.

शिकायची ऐपत असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठात वनशास्त्राची चार वर्षांची पदवी आहे. नसेल तर तीन वर्षं पूर्णवेळ काम करून आयएसए या आंतरराष्ट्रीय संस्थेची आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांची निगा राखणाऱ्या जाणकाराची, परीक्षा देता येते. तारांजवळच्या कामासाठी त्यांचं वेगळं प्रमाणपत्रही आहे.

तो अनुभव कागदावर दाखवावा लागतो, म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा. तारीख, रस्ता, झाडाचं नाव, छातीच्या उंचीला खोडाचा घेर, फांदीची जाडी, काप कुठं घेतला. पुढच्या मेमध्ये त्याच झाडाखाली जा आणि कापाच्या कडेनं नवी साल आत वळायला लागलीय का, ते बघून त्याच पानावर लिहा.