चावीचा ग्रामोफोन: आधी ओळख, मग दुरुस्ती

जुना ग्रामोफोन हाती आला की लगेच चावी देऊन पाहण्याचा मोह होतो; तो आवरावा. वर्षानुवर्षे निजलेल्या स्प्रिंगवर एकदम ताण आला तर ती तुटू शकते, आणि आपल्यासमोर नेमके कोणते यंत्र आहे हे तर अजून ठरलेलेच नसते.

एडिसनचा १८७७ सालचा फोनोग्राफ नळकांड्यावर ध्वनी कोरत असे, तर बर्लिनरने १८८७ मध्ये पेटंटसाठी मांडलेल्या ग्रामोफोनमधून पुढे सपाट तबकडी आली. कर्णा बाहेर असलेली तबकडीची यंत्रे साधारणपणे आधीची. व्हिक्टर कंपनीने १९०६ मध्ये कर्णा पेटीत दडवलेला 'व्हिक्ट्रोला' बाजारात आणला आणि नंतर तीच पद्धत रूढ झाली. साउंडबॉक्समधला, म्हणजे सुई धरणाऱ्या आणि तिच्या कंपनांचा आवाज करणाऱ्या गोल डबीतला, पडदा अभ्रकाचा असेल तर तो बहुधा १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वीचा असतो, ॲल्युमिनियमचा असेल तर बहुधा नंतरचा. मात्र साउंडबॉक्स सहज बदलता येत असल्याने केवळ त्यावरून यंत्राचे वय ठरवू नये.

बनावट यंत्रांचा सुळसुळाट मोठा आहे. झळझळीत पितळी कर्णा, नव्या लाकडाची चौकोनी किंवा अष्टकोनी पेटी, त्यावर कुत्र्याचे चित्र आणि आत एखाद्या पोर्टेबल (उचलून नेण्याजोग्या) ग्रामोफोनमधून काढलेली स्प्रिंगवर चालणारी मोटर, असा हा जुळवलेला संसार असतो. कर्णा धरणारा मागचा आधार ओबडधोबड आहे का, आणि मोटरच्या पट्टीवर न वापरलेली जुनी भोके आहेत का, हे पाहावे. ती असतील तर मोटर दुसऱ्या पेटीतून आली आहे. असे यंत्र वाजवायला हरकत नाही, पण प्राचीन वस्तू म्हणून त्याची किंमत मोजू नये.

आता दुरुस्ती. माझ्या मते यातले बहुतेक बिघाड मोडतोडीचे नसतात. वाळलेले ग्रीस आणि कडक झालेले रबर हेच खरे दोषी असतात. मोटर पेटीतून काढण्यापूर्वी ब्रेक सोडून ती पूर्ण उतरू द्यावी. चावी कितीही फिरवली तरी ताण जाणवत नसेल, तर स्प्रिंग तुटली आहे किंवा तिचे टोक मधल्या आसाच्या हुकातून सुटले आहे. चालता चालता 'धप्प' असा आवाज येऊन यंत्राला हिसका बसत असेल, तर स्प्रिंग ज्या डब्यात गुंडाळलेली असते त्यातले ग्रीस घट्ट होऊन स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटत आहेत आणि मग झटक्याने सुटत आहेत. स्प्रिंग काढून, धुऊन, नवे ग्राफाइटयुक्त ग्रीस भरणे हा यावरचा उपाय. परंतु पूर्ण उतरलेली स्प्रिंगही डब्यात दाबलेलीच असते आणि निसटली तर बोटे कापते. सवय नसेल तर हे काम घड्याळ दुरुस्त करणाऱ्या अनुभवी कारागिराकडेच सोपवावे.

वेग कमीजास्त होत असेल तर गव्हर्नर, म्हणजे मोटरचा वेग एकसारखा ठेवणारा भाग, पाहावा. त्याची तीन वजने पातळ पट्ट्यांवर बसवलेली असतात. पट्टीला बारीकशी चीर असली तरी ती बदलावी, आणि बदलताना तिन्ही एकाच जाडीच्या घ्याव्यात, नाहीतर गव्हर्नर थरथरतो. त्याच्या चकतीवर घासणारी चामड्याची किंवा फेल्टची गादी कोरडी पडली असल्यास तेलाचा एक थेंब पुरतो.

आवाज फाटका किंवा खरखरीत येत असेल तर साउंडबॉक्स उघडावा. पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या रबरी नळ्या दगडासारख्या झालेल्या आढळतील. त्याच जाडीच्या मऊ नळ्या बसवाव्यात आणि स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत, कारण एकाच बाजूने आवळल्यास अभ्रकाला तडा जातो. जोडल्यावर सुईच्या टोकावर नखाने हलकेच टिचकी मारावी: आवाज स्वच्छ आणि भरीव आला की जोडणी जमली, बसका आला की पडदा कुठेतरी आवळला गेला आहे.

लाखेचे पॉलिश आणि लाखेच्या तबकड्या या दोहोंना स्पिरिट लावू नये. लाख त्यात विरघळते. पोलादी सुई प्रत्येक बाजूला नवी घ्यावी, ही कंजुषी करण्याची जागा नव्हे. व्हिनाइलची तबकडी तर या यंत्रावर कधीच ठेवू नये, कारण साउंडबॉक्सच्या भाराने तिच्या खाचा एकाच वाजवण्यात खराब होतात. शेवटी तबकडीखाली कागदाची पट्टी अडकवून ती वाजत असतानाच फेरे मोजावेत आणि अर्ध्या मिनिटात ३९ भरेपर्यंत वेगाचा स्क्रू फिरवावा. म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांचा वेग साधतो.