उपलब्धता लिहून कळवावी: इंदूरहून दूरस्थ काम सुरू करणाऱ्यांसाठी

इंदूरमध्ये घरी बसून पुण्यातील आणि जर्मनीतील सहकाऱ्यांबरोबर सॉफ्टवेअरचे काम सुरू करणाऱ्या नवोदितांना मी आधी एवढेच सांगतो की, स्लॅक किंवा टीम्स या कार्यालयीन निरोपांच्या ॲपवर नावाशेजारी दिसणाऱ्या, आपण जागेवर असल्याचे सांगणाऱ्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. कीबोर्ड काही मिनिटे थांबला की तो ठिपका मावळतो, आणि वहीत आकृती काढत कामाचाच विचार करणारा माणूस जागेवर नसल्यासारखा दिसतो.

म्हणून आपले कामाचे तास कॅलेंडरमध्ये स्वतः नोंदवावेत आणि इथल्या सुट्ट्यांची कल्पना आठवडाभर आधी द्यावी. रंगपंचमीला राजवाड्याच्या परिसरात गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते आणि त्या दिवशी इंदूरला स्थानिक सुट्टी असते, हे पुण्याच्या सहकाऱ्याच्या लक्षात असेलच असे नाही. जर्मनीचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असते, तर हिवाळ्यात साडेचार तास. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हा बदल होतो, आणि तिकडच्या सकाळी दहाची बैठक आपल्याकडे दीडवरून अडीचला किंवा अडीचवरून दीडला सरकते. तिकडचे लोक कामाला बसण्याआधीची आपली सकाळ एकाग्रतेच्या कामासाठी राखावी आणि तेवढा वेळ सूचना बंद ठेवाव्यात. यात संकोचण्यासारखे काही नाही.

दुसऱ्याचे लक्ष मागताना मात्र अधिक काळजी घ्यावी लागते. ‘नमस्कार सर, वेळ आहे का?’ एवढेच लिहून थांबले, तर समोरचा हातातले काम सोडून पुढच्या ओळीची वाट पाहत बसतो. आपल्या घरांत मोठ्यांशी एकदम कामाचे बोलू नये असे वळण असते, त्यामुळे नवोदित असे लिहितात हे मी समजू शकतो. तरीही आदर राखून सगळे एकाच निरोपात लिहिता येते. उदाहरणार्थ: ‘नमस्कार सर, कालच्या बदलानंतर बिलाच्या चाचणीत परताव्याची रक्कम उणे दिसते आहे. त्रुटीची नोंद सोबत जोडली आहे. करआकारणीच्या भागात चूक असावी असा माझा अंदाज आहे. उद्या दुपारपर्यंत पाहिलेत तरी चालेल. तोवर मी दुसरे काम घेतो.’ यातले शेवटचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यामुळे उत्तर केव्हा द्यायचे हे ठरवण्याची मोकळीक समोरच्याला मिळते.

स्लॅकवर ‘ॲट चॅनेल’ (@channel) लिहिल्यास त्या वाहिनीतील, म्हणजे गटातील, सर्व सदस्यांना हाक जाते, तर ‘ॲट हिअर’ने (@here) फक्त त्या वेळी सक्रिय असलेल्यांना. टीम्सवर तातडीचा म्हणून पाठवलेला निरोप वाचला जाईपर्यंत दर दोन मिनिटांनी, वीस मिनिटे वाजत राहतो. ग्राहकांची सेवा बंद पडली असेल तरच तो वापरावा. आपल्याला कोणी हाक दिली आणि लगेच उत्तर देणे शक्य नसेल, तर ‘वाचले, चार वाजता पाहतो’ एवढे लिहावे आणि चार वाजता खरोखरच पाहावे.