जुन्या खेळण्यातल्या आगगाड्या जमवताना

संग्रह सुरू करताना कोणत्या कंपनीची गाडी घ्यावी याआधी कोणत्या मापाची घ्यावी हे ठरवावे लागते. दोन रुळांमधले अंतर म्हणजे गेज. ‘ओ’ गेजमध्ये ते ३२ मिलिमीटर, ‘एचओ’ आणि ‘डबल ओ’मध्ये १६.५, तर ‘एन’मध्ये ९ मिलिमीटर असते. जर्मनीतील मेर्क्लिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांचे रूळ आणि डबे मांडले, आणि तेव्हापासून एकदा घेतलेल्या गाडीला पुढच्या वर्षी नवा डबा जोडता येऊ लागला. जमवण्याचा छंद शक्य झाला तो या मापांमुळे. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या सदनिकेत ‘ओ’ गेजची पत्र्याची गाडी कपाटात शोभते, पण चालवायला दिवाणखाना रिकामा करावा लागतो. निर्णय होत नसेल तर कोथरूडमधील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय एकदा पाहून यावे. तिथे ‘एचओ’ मापाच्या गाड्या चालताना दिसतात आणि एवढ्या मापात किती बारकावा मावतो याचा अंदाज येतो.

‘एचओ’ आणि ‘डबल ओ’ यांचे रूळ सारखेच असले तरी प्रमाण वेगळे आहे: पहिले मूळ गाडीच्या १/८७, दुसरे साधारण १/७६. त्यामुळे इंग्रजी इंजिनामागे जर्मन डबे जोडले तर ते खुजे दिसतात. विजेचा मेळ बसणे तर त्याहून अवघड. मेर्क्लिनच्या ‘एचओ’ गाड्या उलटसुलट प्रवाहावर म्हणजे एसीवर चालतात आणि रुळांच्या मधोमध असलेल्या तिसऱ्या वाहकातून वीज घेतात. इंग्लंडची ‘डबल ओ’ मापाची हॉर्नबी डब्लो १९३८ मध्ये आली तेव्हा तिलाही तिसरा रूळ होता, पण ती डीसीवर म्हणजे एकाच दिशेच्या प्रवाहावर चालत असे, आणि १९५९ पासून तिची दोन रुळांची आवृत्ती निघाली. तीन रुळांच्या गाडीची चाके एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने वेगळी केलेली नसतात, म्हणून ती दोन रुळांवर ठेवताच शॉर्टसर्किट होते. रूळ आणि इंजिन निरनिराळ्या ठिकाणांहून घेणाऱ्याने हे आधी तपासावे.

पुण्यात शोध घ्यायचा तर बुधवारी किंवा रविवारी सकाळी जुन्या बाजारात जावे. तिथे अख्खा संच मिळण्याची आशा धरू नये. चावी, सुटे रूळ, एखादी वाघीण (मालडबा) असे तुकडेच बहुधा हाती लागतात. पेठांमधले जुने वाडे पाडले जाताना माळे रिकामे होतात, आणि परदेशी राहून आलेल्या एखाद्या आजोबांनी मुलांसाठी आणलेला खोका तेव्हा खाली येतो. नातेवाइकांना आणि ओळखीच्या भंगारवाल्याला आधीच सांगून ठेवलेले बरे. परदेशातून मागवायचे असेल तर खेळण्यांवरील सीमाशुल्काचा चालू दर आधी पाहावा, कारण २०२० मध्ये तो २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेला गेला आणि नंतर आणखी वाढला. स्वस्त वाटलेली गाडी घरी येईपर्यंत महाग होते ती इथे.

वस्तूचे वय ओळखायला विक्रेत्याच्या सांगण्यापेक्षा तिच्या तळावरची अक्षरे उपयोगी पडतात. ‘यू. एस. झोन, जर्मनी’ असा शिक्का दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी ताब्याच्या काळातला, ‘ऑक्युपाइड जपान’ हा १९५२ पूर्वीचा. इंग्रजी टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यावर, ‘एलएमएस’ किंवा ‘एलएनईआर’ ही अक्षरे असतील तर ती १९२३ ते १९४७ या काळातील खासगी रेल्वे कंपन्यांची होत. मात्र १९४८ मध्ये त्या रेल्वे सरकारी झाल्या तरी कारखान्यांनी जुनी रंगसंगती काही वर्षे चालू ठेवली, म्हणून एवढ्यावरून वर्ष ठरवून टाकू नये. पुणेकराला एक मोह फार होतो तो मेर्क्लिनच्या ‘मगर’ इंजिनाचा, म्हणजे लांब नाकाच्या स्विस विजेच्या इंजिनाच्या प्रतिकृतीचा, कारण एकेकाळी बोरघाटात मालगाड्या ओढणारे आपले ‘खेकडा’ इंजिन याच स्विस घराण्यातले. मोह रास्त आहे, किंमत मात्र त्याच प्रमाणात चढी असते.

आता सर्वांत महत्त्वाची परीक्षा. १९३०च्या दशकातील पुष्कळ इंजिनांचे ओतीव सांगाडे आणि चाके जस्ताच्या मिश्रधातूची आहेत. त्या धातूत शिशाचा अंश मिसळला गेला असेल तर तो आतून कणाकणाने सुटू लागतो: आधी केसासारख्या भेगा, मग फुगवटा, शेवटी तुकडे. याला उपाय नाही. चाकांच्या कडा, इंजिनाचे तळ आणि बफरजवळचे (टोकाच्या धक्का झेलणाऱ्या दट्ट्यांजवळचे) कोपरे भिंगाखाली पाहावेत, तळपट्टी सपाट पृष्ठभागावर ठेवून ती वाकली आहे का ते बघावे, आणि वरचे कवच जागेवर बसत नसेल तर स्क्रू आवळून बसवण्याचा प्रयत्न करू नये. हा दोष शेजारच्या गाडीला लागतो ही समजूत चुकीची आहे. मात्र दमट उष्ण हवेत तो वेगाने वाढतो.

रंग उडालेला असणे हा दोष नाही, नव्याने रंगवलेले असणे हा आहे. मूळ रंग, मूळ चावी आणि मूळ खोका यांनी किंमत वाढते. फाटका खोकासुद्धा टाकू नये. छापील पत्र्याचा एक डबा मी पहिल्या उत्साहात साबणाच्या पाण्याने धुतला आणि त्याच्या खिडक्यांतले प्रवासी कायमचे उतरवले. कोरडा मऊ कुंचला आणि स्वच्छ सुती कापड एवढ्यावर थांबावे. आसांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब पुरतो, तो रंगावर सांडू देऊ नये.

जुना ट्रान्सफॉर्मर मात्र भावनेपोटी वापरू नये. त्याच्या तारांचे आवरण ठिसूळ झालेले असते. अमेरिकेतील लायनेल कंपनीचे ट्रान्सफॉर्मर ११० ते १२० व्होल्टसाठी बनवलेले आहेत, ते आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट लावले तर जळतात. मूळ ट्रान्सफॉर्मर शोभेला ठेवावा आणि गाडीच्या गरजेनुसार एसी किंवा डीसीचा नवा वीजपुरवठा घ्यावा. तो कोणता, हे मोटार तपासून जाणकार इलेक्ट्रिशियनकडून ठरवून घ्यावे.

जून ते सप्टेंबर गाड्या लोखंडी पेटीत बंद करून माळ्यावर टाकणे सर्वांत वाईट. पत्र्याला गंज आणि पुठ्ठ्याला बुरशी लागते ती याच चार महिन्यांत. बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात, आम्लरहित कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह त्या ठेवाव्यात आणि पुड्या महिन्याने बदलाव्यात. चावीच्या गाडीची स्प्रिंग पूर्ण सैल करून ठेवावी. दसऱ्याच्या सुमारास हवा कोरडी झाली की एकेक गाडी बाहेर काढून चार फेऱ्या चालवावी आणि कोणत्या गाडीची चाके अडखळली ते वहीत तारखेसह लिहून ठेवावे.