इंग्रजीतील ‘शो’ हे क्रियापद नेमके कसे वापरावे

मराठीत ‘दिसणे’ आणि ‘दाखवणे’ ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. इंग्रजीत मात्र ही दोन्ही कामे ‘शो’ हा एकच शब्द करतो. म्हणून वाक्य रचण्यापूर्वी कोणी काही दाखवत आहे, की एखादी गोष्ट आपली आपण दिसत आहे, हे आधी ठरवावे. ‘शी शोड मी द लेटर’ म्हणजे तिने मला पत्र दाखवले, तर ‘द स्टेन डझन्ट शो’ म्हणजे डाग दिसत नाही. दुसऱ्या वाक्यात कर्म नाही, आणि तेवढ्यावरूनच अर्थ बदलतो. गंमत अशी की, जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या पूर्वरूपाचा अर्थ ‘पाहणे’ असाच होता, आणि त्याचा जर्मन भाऊबंद ‘शाउअन’ आजही त्याच अर्थाने वापरला जातो.

त्यानंतर शब्दांचा क्रम पाहावा. कोणाला दाखवले हे मराठीत ‘ला’ प्रत्यय सांगतो, त्यामुळे शब्द मागेपुढे झाले तरी बिघडत नाही. इंग्रजीत ते काम जागेवरून होते. ‘शो मी युवर तिकीट’ किंवा ‘शो युवर तिकीट टु मी’ अशा दोन रचना चालतात, पण ‘शो टु मी युवर तिकीट’ ही कानाला खटकते. वस्तूऐवजी ‘इट’ असेल, तर ‘शो इट टु मी’ हेच म्हणावे. याच सवयीने आपण ‘एक्सप्लेन मी’ म्हणून जातो. त्या क्रियापदाला मात्र ‘टु’ लागतोच.

भूतकाळासाठी ‘शोड’ आणि ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ यांच्यासोबत ‘शोन’ वापरावे. ‘हॅज शोड’ही कधीकधी आढळते, परंतु कर्मणी प्रयोगात ‘वॉज शोन’च लिहावे.

पुढे संपूर्ण वाक्य जोडायचे असल्यास ‘दॅट’ घ्यावा: ‘द फिगर्स शो दॅट सेल्स हॅव फॉलन’, म्हणजे विक्री घटल्याचे आकड्यांवरून दिसते. गणिताच्या प्रश्नपत्रिकेतील ‘शो दॅट’ मात्र नुसते दाखवायला सांगत नाही, तर सिद्धता मागते. कृती शिकवायची असेल, तर ‘हाउ टु’ गाळू नये. ‘शो मी हाउ टु टाय धिस नॉट’ बरोबर, ‘शो मी टु टाय’ चूक. ठिकाण विचारताना ‘शो मी व्हेअर द स्टेशन इज’ असा क्रम ठेवावा, कारण येथे प्रश्न वाक्याच्या पोटात गेलेला असतो आणि त्याची प्रश्नार्थक रचना उरत नाही.

सर्वांत जास्त चुका होतात त्या मराठीतील ‘दाखवणे’ जसेच्या तसे इंग्रजीत नेल्यामुळे. आपण डॉक्टरांना दाखवतो, इंग्रज मात्र डॉक्टरांना ‘सी’ करतो. आपण देवाला नैवेद्य दाखवतो. तेथे ‘ऑफर’ हवे. ‘हात दाखवा, एसटी थांबवा’ या ओळखीच्या सूचनेचे भाषांतर ‘शो हँड’ असे केल्यास परक्याला काहीच उमगणार नाही, कारण हात करून गाडी थांबवण्याला ‘फ्लॅग डाउन’ म्हणतात. उलट ‘शो ऑफ हँड्स’ म्हणजे हात वर करून केलेले मतदान.

जोडशब्दांपैकी तिघांची ओळख पुरेशी आहे. ‘शो अप’ म्हणजे ठरल्या ठिकाणी हजर होणे, ‘शो अराउंड’ म्हणजे पाहुण्याला जागा फिरवून दाखवणे, आणि ‘शो ऑफ’ म्हणजे ज्याला आपण बोलताना ‘शायनिंग मारणे’ म्हणतो ते. तिकीट काढूनही न आलेल्या प्रवाशाला विमान कंपन्या ‘नो शो’ म्हणतात.

एका ठिकाणी मात्र मराठी आणि इंग्रजी शब्दशः जुळतात, ते म्हणजे सरकारी कचेरीतील ‘शो कॉज’ अर्थात ‘कारणे दाखवा’ नोटीस. येथे दाखवणे म्हणजे लेखी खुलासा देणे, आणि ‘कॉज’च्या आधी ‘द’ किंवा ‘अ’ लावायचा नाही.