प्रिंटेड कापडी हँडबॅग शिवताय? या चुका टाळा

अजरख (ठशांनी छापलेलं सुती कापड) आवडलं म्हणून दोन मीटर आणलं आणि बॅग कुणासाठी याचा विचार नंतर सुरू केला, की गडबड ठरलेली. आधी गिऱ्हाईक ठरवा.

समजा, रोज लोकलने ऑफिसला जाणारी बाई. तिला डबा, लिटरची बाटली, छत्री आणि ए-फोर फाइल (21 × 29.7 सेंमी) मावायला हवी. गर्दीत ती बॅग पुढे घेणार, त्यामुळे वर पाच नंबरची चेन हवीच. नुसत्या मॅग्नेट बटणावर भागत नाही. तळ 30 × 12 आणि उंची 32 सेंमी पुरते.

खरी फसगत कापताना होते. 32 सेंमी रुंद आणि 34 उंच तुकडे कापले, की तळ बनवायला खालचे कोपरे आडवे शिवल्यावर तळ जेमतेम 18 सेंमी रुंद उरतो आणि उंची 26. तळाची खोली (12 सेंमी) रुंदीतून पूर्ण जाते, उंचीतून निम्मी. म्हणून सगळीकडे 1 सेंमी माया (शिवणीसाठी सोडलेली जादा कड) धरून रुंदी 30 + 12 + 2 = 44 आणि उंची 32 + 6 + 2 = 40 कापा. खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून, कापलेल्या कडेपासून मोजून, 6 सेंमीचा चौकोन काढा.

तळाला जोड नको म्हणून पुढची-मागची बाजू सलग कापली, तर मागचे हत्ती डोक्यावर उभे राहतात. छपाईला दिशा असेल तर दोन तुकडे वेगळेच काढा. 44 इंची पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) ते शेजारी-शेजारी बसतात. मोठी बुट्टी (छपाईतली ठळक नक्षी) तुकड्याच्या मध्यावर, म्हणजे वरून 20 सेंमीवर घेऊ नका. खालचे 7 सेंमी तळात जातात, त्यामुळे दिसणाऱ्या भागाचा मध्य 17 सेंमीवर येतो. बुट्टी खाली घसरलेली दिसते ती या 3 सेंमींमुळे.

गडद लाल आणि निळीत रंगवलेलं कापड पांढऱ्या रुमालाने घासून बघा, ओल्याही आणि कोरड्याही. नीळ कोरडीसुद्धा सुटते आणि खांद्यावरची बॅग दिवसभर कुर्त्याला घासत असते. रंग पक्का करायला मीठ-व्हिनेगरवर विसंबू नका. रंग लागत असेल तर ते कापड फक्त दर्शनी बाजूला वापरा, पाठीला साधा कॅनव्हास लावा.

कापण्याआधी 20 सेंमीचा चौकोन भिजवा, वाळवा, इस्त्री करून मोजा. 19 भरला तर कापड 5 टक्के आटलं. हे टाळून थेट फ्युजिंग (कापडाला ताठपणा देणारं, इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवलं, की पहिल्या धुण्यात फुगे येतात, कारण कापड आटतं आणि फ्युजिंग तेवढं आटत नाही. न धुताच फुगे आले तर इस्त्री सरकवली गेली असणार. ती एका जागी 10-12 सेकंद दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. फ्युजिंग कडेपासून 1 सेंमी आत कापा, नाहीतर शिवणी जाड होतात.

पट्टा उपटला की दोष धाग्याला मिळतो. बहुतेकदा तो पट्टा नुसत्या सुती कापडावर शिवलेला असतो. आतून 6 सेंमीचा कॅनव्हासचा तुकडा ठेवा, चौकोन शिवा, त्यात फुली मारा. सुई 16 नंबरची, टाका 3 मिमीचा. बारीक सुईने जाड थरांवर टाके सुटतात. तिथे मशीनचं चाक हाताने फिरवा.

अस्तर आत लोंबत असेल तर ते बाहेरच्या मापाचंच कापलेलं असतं. अर्धा सेंमी कमी घ्या. आणि रंग फिकट निवडा, काळ्या अस्तरात रेल्वेचा पास सापडत नाही.