मिरगात सुटलेला क्लास: कराटे शिकताय? या चुका टाळा

माझ्या क्लासचं हजेरीपुस्तक चाळलंत तर पावसाची नोंद वेगळी ठेवायची गरजच नाही. एप्रिल-मेची पानं भरलेली असतात, त्यात सुट्टीला आलेली मुंबईकरांची पोरंही असतात. मिरग लागला की खाडे सुरू होतात. जुलैत हॉलमध्ये नेहमीची आठ-दहा डोकी उरतात. मग गणपती येतात आणि क्लासच बंद होतो. दसऱ्याला निम्मे परत येतात. उरलेले बाजारात भेटले की हसतात, आणि भाजीच्या पिशवीकडे बघत म्हणतात, “सर, येतो ओ आता.”

मी रत्नागिरीत शोतोकान शैलीचं कराटे शिकवतो. “मला कराटे नको” असं ठरवून क्लास सोडणारा मला आजवर क्वचितच भेटला. बहुतेकांचं “पाऊस जरा कमी झाला की” असं म्हणता म्हणता सुटतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. तो कमी होईस्तोवर थांबायचं म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा घरी बसायचं. हुरूप टिकवायचे उपाय विचारायला पुष्कळ जण येतात. माझ्या मते हुरूप काही कुठे जात नाही. आपण आखलेला बेत इथल्या हवेत टिकत नाही, मग बेताबरोबर हुरूपही बुडतो. मीही एकदा असाच सव्वा वर्ष घरी बसलो होतो. ते पुढे येईलच.

जानेवारीचा बेत जुलैत चालवणं

आठवड्यातून चार दिवस क्लास, दोन दिवस पळणं, एक दिवस आराम. जानेवारीत हे छान चालतं. जुलैत वीज नसते, रस्त्यावर गुडघाभर पाणी असतं, शेती असलेल्या घरात लावणीची घाई असते. पहिला खाडा पावसाने पडतो. दुसरा पहिल्याच्या शरमेनं. तिसऱ्यानंतर कोणी मोजत नाही.

मच्छीमारांकडे बघा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्त होतात, इंजिनं खोलली जातात. त्या दोन महिन्यांत “मी धंदा सोडला” असं कोणी म्हणत नाही, कारण बंदीतली कामं ठरलेली असतात. आणि याच किनाऱ्याने खाली केरळात गेलात तर कलरीपयट्टूवाल्यांचा पावसाळा हाच भरगच्च सरावाचा काळ. हवा गार, अंग तेलाने चोळून मऊ केलेलं, वाकण्या-वळण्याची सगळी मेहनत याच दिवसांत. पाऊस दोघांच्याही डोक्यावर तोच असतो.

तेव्हा जून उजाडायच्या आत, आगोटीची खरेदी करतानाच पावसाळ्याचा वेगळा बेत करा. माझा असा आहे: आठवड्यातून दोनदा क्लास, जमलं तर, आणि रोज पंधरा मिनिटं घरी, पडवीत.

पडवीत होतं तरी काय, असं विचाराल. तेक्की शोदान होते. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची सलग मालिका. ही काता जणू कोकणी पडवीसाठीच रचलीय असं मी नेहमी म्हणतो, कराटे मूळचं जिथलं त्या ओकिनावा बेटाचे लोक मला माफ करोत. तिच्या 29 हालचाली आहेत आणि त्या सगळ्या एकाच आडव्या रेषेवर: उजवीकडे जायचं, परत डावीकडे यायचं, पुढे-मागे पाऊल नाहीच. पाच फूट रुंदीच्या पडवीत भिंतीला पाठ करून, पागोळ्यांकडे तोंड करून उभं राहिलं की आख्खी काता बसते. पूर्णवेळ किबा दाची, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखी मांड. तिसऱ्या फेरीला मांड्या थरथरायला लागतात. तिच्यात एक पाऊल झटक्यात आतून वर उचलून परत खाली आणायचं असतं, त्याला जपानीत ‘नामी गाएशी’ म्हणतात, परतणारी लाट. बहुतेकांचं अंग तिथे डुलतं. पाऊल उचलताना दुसऱ्या खांद्याची उंची बदलली की समजायचं, वजन आधीच सरकवलं गेलंय. समोर आरसा नसेल तर पडवीच्या खांबावर खांद्याच्या उंचीला खडूची रेघ मारा आणि घरातल्या कोणाला तरी बाजूला उभं करा. माझी आई उभी राहायची आणि “हाललास” एवढंच म्हणायची.

जपानच्या मुख्य भूमीवर कराटे नेणाऱ्यांत ज्यांचं नाव पहिलं घेतलं जातं, त्या फुनाकोशी गिचिन यांनी तेक्कीच्या तीन कातांना दहा वर्षं दिली असं स्वतःच सांगून ठेवलंय. पडवीत तुम्हाला चारच महिने काढायचे आहेत.

“रोज सकाळी सहाला बीचवर”

ही चूक माझी स्वतःची, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

ब्राउन बेल्टवर होतो. नवीन वर्षाचा संकल्प केला: रोज सकाळी सहाला भाट्याच्या किनाऱ्यावर पळायचं. पहिले चार दिवस मजेत गेले, ओली कडक वाळू, पाय रोवला की उसळून यायचा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून पाणी वर यायला लागलं. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते, हे समुद्राशेजारी जन्मून मला माहीत होतं, पण संकल्प करताना आठवलं नाही. कडक पट्टी पाण्याखाली गेली. नेम मोडायचा नाही म्हणून मी वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत पळालो. तिथे टाच खोल रुतते, दर पावलाला पोटरी आणि टाचेमागची शीर जास्त ताणली जाते. दहाव्या दिवशी उजवी पोटरी अशी धरली की मला वाटलं मागून कोणी दगड मारला.

पुढे एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी जुना हिशोब सांगितला. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती आणि संध्याकाळी सहाच्या सुमारासही भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पहाटे पाचच्या आसपास ओहोटी. थोडं इकडेतिकडे होतं, पण अंदाजाला पुरेसं. तेव्हा पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपासचे चार-पाच दिवस सकाळचा किनारा आपला. अष्टमीच्या आठवड्यात घरच्या जिन्यावर चढ-उतार करा नाहीतर दोरीवर उड्या मारा. पावसात समुद्र खवळलेला असताना तिकडे फिरकूच नका.

(भरती-ओहोटीवरून हुरुपाची उपमा देण्याचा मोह मला इथे होतोय. आवरतो.)

वाळूबद्दल आणखी एक. तिथे माए गेरी, म्हणजे समोरची किक, खुशाल मारा. मावाशी गेरी नको. गोल किक मारताना टेकलेलं पाऊल फिरावं लागतं, वाळूत ते अडकतं, कंबर फिरते आणि मधला पीळ गुडघा खातो.

एक अवयव दुखला म्हणून सगळं बंद

पोटरी दुखावल्यावर खरी चूक मी पुढे केली. डॉक्टरांनी काही आठवडे पळू नका, उड्या नकोत असं सांगितलं. मी ते “कराटे नको” असं ऐकलं. हात ठणठणीत होते. स्टुलावर बसून पंच मारता आले असते, ब्लॉक घोटता आले असते, हिकिते म्हणजे मागे खेचला जाणारा हात कंबरेवर नीट येतोय का ते बघता आलं असतं. क्लासला जाऊन नुसतं बाजूला बसलो असतो तरी वेळ मोडली नसती. पोटरी दोन महिन्यांत बरी झाली. मी परत गेलो सव्वा वर्षाने.

बेल्टच्या रंगावर हुरूप टांगणं

सुरुवातीला तीन-चार महिन्यांनी परीक्षा येते. नवा रंग, नवी काता, घरी पेढे. ब्राउनला पोचलं की परीक्षांमधलं अंतर वाढतं, रंग मात्र तोच राहतो आणि आठवडेच्या आठवडे नवीन काही शिकल्यासारखं वाटत नाही. सोडून जाणारे सर्वांत जास्त इथेच. पालकांना दीड वर्षात ब्लॅक बेल्टची हमी देणारीही एक संस्था मी पाहिलीय. तिथून आलेल्या मुलाला काळा पट्टा कंबरेला असताना पांढऱ्याबरोबर उभं करावं लागलं. त्या पोराची काय चूक?

ओकिनावाच्या जुन्या कराटेत बेल्ट नव्हतेच. काळ्या पट्ट्याच्या पायऱ्यांना जपानीत ‘दान’ म्हणतात. ही दान पद्धत जुदोकडून आली, आणि फुनाकोशींनी पहिले शोदान, म्हणजे पहिल्या पायरीचे काळे पट्टे, दिले ते 1924 मध्ये. शोदान याचा अर्थच पहिली पायरी. ऑलिंपिकचंही तसंच. तोक्योत कराटे होतं, 2024 च्या पॅरिसमध्ये नव्हतं, आणि माझ्याकडच्या एका मुलाने तेवढ्यावर क्लास सोडला. दर चार वर्षांनी बदलणाऱ्या यादीवर आपली संध्याकाळ कशाला टांगायची?

रंगाऐवजी मोजता येईल असं काहीतरी धरा. एका पायावर उभं राहून, दुसरा न टेकवता सलग किती माए गेरी. किबा दाचीत किती मिनिटं. दोनशे पानी वही घ्या, तारीख आणि आकडा, बाकी मजकूर नको. मोबाइलवर महिन्यातून एकदाच व्हिडिओ काढा. रोज काढलात तर फरक दिसत नाही, आणि रोज स्वतःलाच बघत बसायची सवय लागते ती वेगळीच.

कंटाळा आला की नवीन काता

यूट्यूबवरून पंचवीस काता पाठ असलेली मुलं येतात. मी त्यांना खडू देतो. जमिनीवर फुली मारायची, तिच्यावर उभं राहून हेआन शोदान करायची. पहिली काता, 21 हालचाली, हिच्यात काय शिकायचं राहिलं असं प्रत्येकाला वाटतं. काता जिथे सुरू होते तिथेच संपायला हवी. बहुतेक जण फुलीपासून हातभर पुढे नाहीतर तिरके संपतात. मग शोध सुरू होतो: पुढे संपलात तर जाताना पाऊल लांब पडतंय आणि परत येताना आखूड, म्हणजे दमल्यावर मांड उभी होतेय. कडेला सरकलात तर वळताना मागचं पाऊल खांद्याइतकं आडवं जात नाहीये. एक ब्राउन बेल्टवाली मुलगी तीन आठवडे फुलीच्या मागे लागली होती. चौथ्या आठवड्यात अंगठा बरोबर फुलीवर आला तेव्हा तिने इतक्या जोरात किआई, म्हणजे कराटेतली आरोळी, दिली की शेजारच्या मंगल कार्यालयातला माणूस बघायला आला.

आणखी एक उपाय आहे, फुकटचा. नवीन आलेल्या एखाद्याला गेदान बराई, म्हणजे खालचा ब्लॉक, शिकवा. “हात असा का?” असं त्याने विचारलं आणि उत्तर सुचलं नाही, की पुढच्या महिनाभराचं काम मिळालं.

ड्रेस, बुरशी आणि गजकर्ण

हे लिहायला बरं वाटत नाही, पण जुलैत निम्मे खाडे याच्यामुळे पडतात. जाड सुती ड्रेस तीन दिवस सुकत नाही, त्याला कुबट वास येतो, तो घालून यायची लाज वाटते. मी पावसाळ्यात टी-शर्ट आणि ट्रॅकपँट चालवतो. तुमचे सर चालवत नसतील तर विचारा तरी. बेल्ट धुऊ नये, धुतला तर त्यातली मेहनत जाते, असं म्हणणारे भेटतील. धुवा.

ओल्या कपड्यांनी आणि एकमेकांना लागून सराव केल्याने गजकर्ण पसरतो. गोल, कडेने लाल, खाजणारा चट्टा दिसला की जोडीचा सराव थांबवा आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने मलम आणू नका. त्यातल्या पुष्कळांत स्टेरॉइड असतं, चार दिवस खाज थांबते आणि मग चट्टा दुप्पट होऊन येतो. फरशीला ओल सुटली असेल तर सुरुवातीला पुसून घ्या. आमच्याकडे हे काम सगळ्यात वरच्या बेल्टकडे असतं.

परत यायची लाज

सव्वा वर्षाने मी हॉलच्या पायऱ्यांवर तीनदा आलो आणि तीनदा मागे फिरलो. माझ्यानंतर लागलेली मुलं माझ्या पुढे गेली होती. आत जाऊन ब्राउनच्या रांगेत उभं राहायचं, आणि तेक्कीच्या मध्यावर विसरायचं? त्यापेक्षा घरी बरं. शेवटी माझ्या सरांनी खिडकीतून पाहिलं. बोलले काही नाहीत, झाडू हातात दिला. हॉल झाडून झाला तोवर पांढऱ्या बेल्टवाल्यांचा तास सुरू झाला होता. मी त्यांच्यातच उभा राहिलो आणि महिनाभर तिथेच राहिलो.

परतताना दोन चुका सर्रास होतात. एक, जिथे सोडलं तिथूनच जोर लावणं. पहिल्याच दिवशी पूर्ण तास आणि वर फाइट केलीत तर दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही आणि तिसरा दिवस उगवत नाही. पहिले दोन आठवडे अर्धाच तास करा, फाइट नको. दुसरी चूक आम्हा शिकवणाऱ्यांची: “काय, उगवलात का?” असं सगळ्यांदेखत विचारणं. मीही पूर्वी विचारायचो.

हजेरीपुस्तकातून आता मी नाव खोडत नाही. जो येत नाही त्याच्यापुढे ‘पाऊस’ लिहितो, मग महिना कोणताही असो. मागच्या दसऱ्यानंतर एक रिक्षावाले गृहस्थ आले, दोन वर्षं ‘पाऊस’ असलेले. हिरव्या बेल्टवर बुरशीचे पांढरे ठिपके तसेच होते. मी त्यांना खडू दिला आणि फुली कुठे मारायची ते दाखवलं.