सेल्फ-वॉटरिंग कुंडीत घेवडा-बरबटी लावताना या चुका टाळा

नागपुरातल्या गच्चीवर शेंगभाजी लावायची तर पहिली चूक माती-पाण्याच्याही आधी होते, बी निवडताना. फेब्रुवारी संपत आला की अनेकांना बागेची हुक्की येते आणि ते श्रावण घेवड्याचं पाकीट आणतात. रोप वाढतं, फुलतं, आणि एप्रिलमध्ये फुलं जशीच्या तशी गळून पडतात. पारा पस्तिशीपार गेला की घेवड्याची फुलं टिकत नाहीत, आणि आपल्याकडे तर एप्रिलमध्येच चाळिशी गाठली जाते. सेल्फ-वॉटरिंग कुंडीला तळाशी पाण्याचा कप्पा असतो आणि रोप त्यातून लागेल तसं पाणी ओढतं, पण तो कप्पा कितीही भरा, त्याने हवा थंड होत नाही. आपल्याकडे घेवड्याचा हंगाम म्हणजे ऑक्टोबरची पेरणी. ‘अर्का कोमल’ किंवा ‘कंटेंडर’सारखी बुटकी जात घ्या, साधारण ५० ते ६० दिवसांत शेंगा तोडायला येतात.

उन्हाळा-पावसाळ्यासाठी बरबटी आहे, म्हणजे चवळीच्या शेंगा. ती ऊन सोसते. वालाचं प्रकरण वेगळं आहे. गावरान वेलाचा वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. जूनमध्ये लावलेला वेल सप्टेंबरपर्यंत नुसता पानांनी भरतो, आणि नेमका तेव्हाच लोक कंटाळून तो उपटतात. मीही एक वर्ष उपटला होता. शेजारच्या घरी त्याच बियाण्याचा वेल दिवाळीनंतर शेंगांनी लगडला, ते आजही मनाला लागतं. इतकं थांबायचं नसेल तर ‘अर्का जय’ ही दिवसाच्या लांबीवर न अडणारी बुटकी जात लावा. गवार मात्र या कुंडीत नकोच. तिचं सोटमूळ खोल जातं, तिला कोरडं आवडतं, ओल्या बुडाशी तिची मुळं सडतात.

आता माती. सर्वांत जास्त रोपं इथेच जातात. शेतातली काळी माती आपल्याला सोन्यासारखी वाटते, आणि शेतात ती तशी आहेही. पण सेल्फ-वॉटरिंग कुंडीत पाणी खालून वर चढतं, समईच्या वातीत तेल चढतं तसं. चिकण काळी माती ते पाणी शोषून फुगते, मधली हवा निघून जाते आणि घेवड्याची मुळं गुदमरतात. माझ्या पहिल्या तीन कुंड्या अशाच गेल्या. आता मी दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि एक भाग अर्धवट जळालेलं धानाचं तूस घेते. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या गिरण्या भरपूर, त्यामुळे तूस मिळायला अडचण नाही. कोकोपीट दोनदा धुवून घ्या, त्यात क्षार असतात आणि शेंगवर्गीय पिकांना, घेवड्याला तर फारच, क्षार सोसत नाहीत.

रंगाचे २० लिटरचे दोन डबे एकात एक बसवून कुंडी केली असेल तर वात जुन्या सुती लुगड्याची करू नका. ती दोन-तीन महिन्यांत कुजते आणि ऐन फुलोऱ्यात पाणी चढणं थांबतं. नायलॉनची जाड दोरी किंवा पॉलिस्टरचं कापड टिकतं. पाण्याच्या वर मिश्रणाचा थर फुटभरापेक्षा जास्त उंच ठेवू नका. एका डब्यात घेवड्याची तीन रोपं किंवा बरबटीची दोन, बास.

बी रात्रभर भिजवू नका. घेवड्याची साल तडकते आणि दाणा सडतो. ओल्या मिश्रणात इंचभर खोल थेट लावा आणि पहिले दोन-तीन आठवडे वरून थोडं थोडं पाणी द्या. कोवळ्या मुळांना खालच्या ओलीपर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतो. ‘आता पाणी घालायचंच नाही’ या समजुतीने इथे बरेच जण फसतात.

पावसाळ्यात जादा पाणी जाण्याचं भोक तारेने दर आठवड्याला मोकळं करा. ते बुजलं तर जुलैच्या एका झडीत पाणी मुळांपर्यंत चढतं. पाणी भरायच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, भोकालाही. कूलरच्या टाकीत डासांच्या अळ्या होतात तशा इथेही होतात, आणि डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. ही गोष्ट उद्यावर टाकू नका.

पानं पिवळी पडली की लगेच खत ओतायची घाई करू नका, आधी कुठली पानं ते बघा. खालची पानं पिवळी, रोप मलूल आणि मिश्रणाला आंबूस वास असेल तर पाणी जास्त झालंय. कप्पा रिकामा करून दोन दिवस तसाच राहू द्या. एरवीही तो सतत काठोकाठ ठेवू नका, रिकामा झाल्यावर एक दिवस जाऊ द्या, म्हणजे मुळांना हवा मिळते. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांकडे हे हमखास दिसतं. मातीवर पांढरा थर आला असेल तर महिन्यातून एकदा साठवलेलं पावसाचं पाणी वरून भरपूर ओता, खालच्या भोकातून वाहून जाईपर्यंत.

पानं गर्द हिरवी, रोप तरतरीत आणि फुलं नाहीत, असं असेल तर शेणखत किंवा युरियाचा हात जास्त झालाय. बरबटी मुळांवरच्या गाठींमधून आपला नत्र बराचसा स्वतः मिळवते, तिला युरिया मुळीच नको.

आणि शेंगा कोवळ्या असतानाच दोन दिवसांआड तोडा. आत दाणा भरू दिला की रोप बी धरण्याच्या मागे लागतं आणि नवी फुलं कमी होतात. बियाण्यासाठी ठेवायच्या दोन-चार शेंगा अगदी शेवटच्या तोडणीला सोडा.